बोर्डो मारूनही डाऊनी परत येतोय? सेंद्रिय द्राक्षबागेत तांबं नेमकं कुठे कमी पडतं

"पहिली फवारणी वेळेत केली, दुसरीही केली, तरी फुलोऱ्याच्या तोंडावर पानाखाली पांढरं आलंच. आता बोर्डो अर्ध्यावरून एक टक्क्यावर न्यायचा का?"

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की सेंद्रिय द्राक्षवाल्यांचा हा प्रश्न दर हंगामात ठरलेला. आणि उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं मिश्रण, आणि डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानावर-घडावर येणारा केवडा रोग. निव्वळ प्रमाण वाढवून डाऊनी थांबला, अशा बागा फार थोड्या. कुठे चुनाच मेलेला निघतो, कुठे ब्लोअरचं (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचं) पाणी पानाच्या वरच्या बाजूलाच बसलेलं असतं, आणि सगळ्यात जास्त वेळा पावसाच्या आधी व्हायला हवी ती फवारणी पाऊस उघडल्यावर झालेली असते. तीन ठिकाणच्या चुकांवर एकच औषध काढायचं, ते म्हणजे आणखी तांबं, आणि ते तांबं मग जमिनीत कायमचं मुक्कामाला येतं.

आधी खात्री करा, तो डाऊनीच आहे का

हे सांगावं लागतं, कारण तांब्याची इजा आणि डाऊनी यांची गल्लत नेहमी होते. ढगाळ हवेत बोर्डो मारला, पानं तासन् तास ओली राहिली, की कोवळ्या पानांवर बारीक काळपट ठिपके पडतात. पानाच्या टोकाला आणि कडांना, म्हणजे जिथे थेंब साचतात तिथे, ते जास्त असतात. बागायतदार घाबरतो, डाऊनी वाढला म्हणतो आणि दोन दिवसांत पुन्हा बोर्डो मारतो. पान आणखी भाजतं.

डाऊनीचा डाग वेगळा. पान उजेडाकडे धरलं तर तेल सांडल्यासारखा पिवळट, अर्धपारदर्शक गोल दिसतो आणि त्याच्या बरोबर खाली पांढरी लव असते. भुरी या दुसऱ्या रोगाची पूड पानाच्या वरही असते आणि बोटाने पुसली जाते, त्यामुळे तिच्याशी घोळ कमी होतो.

शंका असेल तर संध्याकाळी त्या डागांची चार-पाच पानं तोडा. ओल्या कापसाच्या बोळ्यासह प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर अंधाऱ्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, थंडीत बुरशी उठत नाही. डाऊनीला बीजाणू धरायला अंधार आणि दमट हवा लागते, त्या दोन्ही तुम्ही पिशवीत दिल्यात. सकाळी डागाखाली ताजी, चुन्यासारखी पांढरी लव उठली असेल तर रोग जिवंत आहे. डाग तपकिरी, कोरडाच राहिला तर तो एक तर जुना मेलेला डाग आहे किंवा भाजल्याची खूण आहे, आणि त्याच्यासाठी टाकी भरायची गरज नाही.

डाग कितव्या पानावर आहे?

फोनवर कुणी विचारलं तर माझा पहिला प्रश्न हाच असतो. औषध कुठलं, किती ग्रॅम, हे नंतर.

आपण बुरशी म्हणतो खरं, पण डाऊनी ही खरी बुरशी नव्हे. पाण्यात वाढणाऱ्या शेवाळांच्या जास्त जवळची ही जात आहे. म्हणूनच तिला ओलं पान लागतं. बीजाणू पानावर पडला की पाण्याच्या थरात त्यातून शेपटीवाले चलबीजाणू बाहेर पडतात, पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात. तांबं जे काही करतं ते या पोहण्याच्या काळात करतं: पाण्यात थोडं थोडं विरघळतं आणि चलबीजाणूंना मारतं. एकदा ते आत गेले की तांब्याचा त्यांच्याशी संबंध संपला. तांबं पानात शिरत नाही, एका पानावरून दुसऱ्या पानावर जात नाही. अंगावर इरलं घेतल्यासारखं आहे ते; भिजून झाल्यावर घेतलं तर उपयोग नाही.

आत गेल्यापासून डाग दिसेपर्यंत हवामानाप्रमाणे साधारण ४ ते ७ दिवस जातात. म्हणजे आज दिसलेला डाग गेल्या आठवड्यातल्या पावसाचा किंवा दवाचा आहे. काल मारलेल्या बोर्डोला त्यासाठी नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता पानांचा हिशेब. छाटणीनंतरच्या पहिल्या महिन्यात फूट इतकी झपाट्याने वाढते की आठवड्याच्या आत शेंड्याला दोन-तीन नवी पानं उघडतात. फवारणीच्या दिवशी ती नव्हतीच, त्यामुळे त्यांच्यावर तांब्याचा कणही नसतो. जे पान त्या दिवशी रुपयाच्या नाण्याएवढं होतं ते तळहाताएवढं होतं आणि त्यावरचा थर पसरून विरळ पडतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. फवारणीच्या दिवशी बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या काही काड्यांवर, सगळ्यात शेवटी उघडलेल्या पानाच्या देठाखाली रंगीत लोकरीचा धागा सैल बांधा. पुढे डाग दिसले की धाग्याच्या वर आहेत की खाली ते बघा.

धाग्याच्या वरच्या पानांवर डाग असतील तर तुमचं मिश्रण ठीक आहे, फवारणीही ठीक आहे, फक्त दोन फवारण्यांतलं अंतर फुटीच्या वेगाला पुरलं नाही. धाग्याच्या खालच्या, म्हणजे औषध बसलेल्या पानांवर ताजे डाग असतील तर दोनच शक्यता उरतात: एक तर पानाची खालची बाजू कोरडी राहिली किंवा मिश्रणातच खोट आहे. आणि डाग फक्त ओलांड्याजवळच्या (वेलीच्या आडव्या फांदीजवळच्या) गर्दीत, बगलफुटींच्या जाळीत असतील तर आधी माणसं लावून ती गर्दी काढा. तिथे कितीही फवारलं तरी थेंब पोचत नाही आणि पोचला तरी पान दुपारपर्यंत वाळत नाही.

सेंद्रिय बागेत याला आणखी एक फाटा आहे. डोळे एकदम फुटवणारी हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट आपल्याला चालत नाही, त्यामुळे डोळे एकसारखे फुटत नाहीत. एकाच वेलीवर एक काडी पाच पानांवर, तर दुसरी अजून पोंग्यात. शेजाऱ्याच्या रासायनिक बागेतलं 'छाटणीनंतर अमुक दिवशी अमुक फवारणी' हे वेळापत्रक उचललं की निम्म्या फुटी उघड्या पडतात. दिवस मोजण्यापेक्षा सगळ्यात पुढे गेलेली फूट बघून फवारणी ठरवा, कारण पहिला घड तिच्यावर आहे.

मिश्रणातली खोट

धाग्याखाली डाग निघाले तर पहिला संशय चुन्यावर घ्या. कळीचा चुना ताजा असला पाहिजे. ढेकळांवर पाणी शिंपडलं की त्याने फसफसून तापायला हवं, वाफ निघायला हवी. उघड्या गोणीत गेल्या वर्षीपासून पडलेला चुना हवा खाऊन आपोआप पीठ झालेला असतो. त्यातल्या बऱ्याच भागाची खडू झालेली असते आणि खडू मोरचुदाला मारत नाही. वजनाला १ किलो भरतो, कामाला त्याचा निम्माही नसतो. मग टाकीत मोकळा मोरचूद उरतो. तो पानं भाजतो आणि पहिल्याच सरीत धुऊनही जातो. 'भाजलं पण आणि डाऊनी पण आला' अशी दुहेरी तक्रार असली की मी चुना बघायला सांगतो.

मोरचुदाचे खडे गडद निळे हवेत. हिरवट झाक दिसली तर त्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळलेला असण्याची शक्यता धरा.

एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. अर्ध्या टक्क्याला दोन्ही अर्धा अर्धा किलो. हे सगळ्यांना पाठ आहे. चुकतं ते कालवताना. मोरचूद गोणपाटाच्या तुकड्यात बांधून प्लास्टिकच्या ड्रममध्ये, पाण्याच्या वरच्या थरात टांगून ठेवा, रात्रीत विरघळतो. तळाशी टाकलेला मोरचूद सकाळी तसाच सापडतो. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको, तांबं त्याच्यावरच चढतं. चुना वेगळ्या ड्रममध्ये विरवून पूर्ण गार होऊ द्या आणि साडीच्या कपड्यातून गाळा, नाहीतर नोझल बुजतात. दोन्हीकडे अर्धं अर्धं पाणी घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता किंवा दोघांनी मिळून दोन्ही धारा तिसऱ्या ड्रममध्ये सोडा, आणि एकाने काठीने ढवळत राहा. घाईत दोन्ही घट्ट कालवून वरून पाणी टाकलं की मिश्रण फाटल्यासारखं होतं. कण जाड पडतात, पाच मिनिटांत तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. असं मिश्रण पानाला नीट चिकटत नाही. चांगला बोर्डो आभाळी निळा, दाट आणि बराच वेळ न बसणारा असतो.

विळ्याची परीक्षा जुनी आहे, पण आजही तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. विळ्याचं पातं घासून चकचकीत करा आणि मिनिटभर मिश्रणात धरा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळा मोरचूद शिल्लक आहे. चुन्याची निवळी नव्हे, ढवळलेलं चुन्याचं दूध थोडं थोडं घाला आणि पातं स्वच्छ राहीपर्यंत बघा. पीएच कागद असेल तर ७ च्या किंचित वर थांबा. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. उरलेला बोर्डो दुसऱ्या दिवशी मारण्यात पैसा वाचत नाही, नुसतं डिझेल जळतं.

पानाची पाठ

ब्लोअर जोरात गेला की मांडव निळा दिसतो आणि समाधान होतं. पण रस्त्यावरून दिसते ती पानाची वरची बाजू. फवारा वाळल्यावर मधल्या ओळीत जा, घडाजवळची पानं उलटी करा आणि निळसर ठिपके बघा. ठिपक्यांच्या मध्ये अंगठ्याएवढी कोरी जागा असेल तर तेवढ्या जागेत डाऊनीला मोकळं रान आहे. ट्रॅक्टरचा वेग कमी करा, नोझलच्या झिजलेल्या चकत्या बदला. चुन्यामुळे त्या नेहमीपेक्षा लवकर झिजतात, हे लक्षात ठेवा. पाणी वाढवून पान निथळायला लागलं तर तांबं जमिनीवर जातं आणि पानाच्या टोकाला साचून भाजतं, म्हणून तो उपाय नव्हे.

पाऊस आणि घड्याळ

फवारणी पावसाच्या आधी, पान वाळेल इतका वेळ हाताशी ठेवून व्हायला हवी. आदल्या दिवशी सकाळी केलेली उत्तम. पाऊस संपल्यावर 'आता मारून टाकू' ही फवारणी पुढच्या पावसासाठी असते, झालेल्यासाठी नसते. साधारण २५ मिलिमीटर पाऊस पडून गेला की थर धुतला असं धरून चालायचा ठोकताळा आहे. त्यासाठी तालुक्याचा आकडा नको, बागेत साधं पर्जन्यमापक लावा. एका गावात शिवारागणिक पाऊस बदलतो हे सांगायला नको.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा पाऊस लागला, तर काय करायचं? तेव्हा नाशिककडे रासायनिक बागाही वाचल्या नव्हत्या, त्यामुळे तांब्याने चमत्कार करावा अशी अपेक्षा ठेवू नका. दोन सरींमध्ये पान वाळण्याएवढी उघडीप मिळाली तर ती घ्या, कमी प्रमाणात पण फवारणी करा. उघडीपच नसेल तर ओल्या पानावर मारू नका. सावकाश वाळणारं तांबं भाजतं. पाऊस नसतानाही धुकं आणि दव यांवर डाऊनी एका पानावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे आधीची डागाळलेली पानं काढून बागेबाहेर नेणं हे त्या दिवसांत फवारणीइतकंच मोलाचं काम आहे.

सगळ्यात नाजूक काळ तीन-चार पानांपासून मणी धरेपर्यंतचा. त्यात घडावर डाऊनी आला तर घड वाकतो, तपकिरी होतो आणि गळतो. मणी मोठे झाले की त्यांची रंध्रं बंद होतात आणि मणी थेट रोगाला फारसे बळी पडत नाहीत, देठातून मात्र लागण होऊ शकते. म्हणून तांब्याचा साठा या नाजूक काळासाठी राखा. ऐन फुलोऱ्यात टाळा. मणी सेटिंगनंतर बोर्डो बंदच. चुन्याचे पांढरे डाग मण्यावर राहतात, मण्याची स्वतःची धुरकट लव बिघडते आणि व्यापारी लगेच भाव पाडतो. काश्मीर-हिमाचलचे सफरचंदवालेही स्कॅब या रोगासाठी तांबं कळी हिरवी फुटतानाच वापरतात, पुढे फळाची साल खडबडीत होते म्हणून. अडचण तीच, झाड वेगळं.

तांब्याची खतावणी

इथे पाटी-पेन्सिल घ्या. मोरचुदात सुमारे २५ टक्के धातुरूप तांबं असतं. एकरी ४०० लिटर पाण्यात १ टक्का बोर्डो म्हणजे ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. अर्धा टक्का मारला तर ५०० ग्रॅम. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्केवालं लिटरला २.५ ग्रॅम घेतलं तर ४०० लिटरला १ किलो पावडर, पुन्हा ५०० ग्रॅम तांबं. डबा बदलला, नाव बदललं, तरी जमिनीच्या खात्यात तेच जमा होतं.

युरोपात २०१९ पासून मर्यादा आहे ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, एकरी सुमारे १.६ किलो. छाटणीनंतर खोड-ओलांडे धुवायला एक टक्क्याची एक फवारणी पूर्ण ४०० लिटरने केली की १ किलो तिथेच गेलं. उरलेल्या ६०० ग्रॅममध्ये अर्ध्या टक्क्याची एकच पूर्ण फवारणी बसते, तीही नाजूक काळ सुरू होण्याआधी संपली तर पुढे हात रिकामे. म्हणून खोड धुताना पाणी कमी घ्या; पानं नसलेल्या बागेला ४०० लिटर लागत नाहीत. पहिल्या फुटींवरही पाणी कमीच लागतं. आणि एक टक्का कोवळ्या फुटीवर मारायचा विचार सोडा, अर्ध्याच्याही खाली राहिलात तरी चालतं, अट एवढीच की अंतर कमी ठेवा. कमी मात्रा, जास्त वेळा, पावसाच्या आधी. आपल्याकडे एनपीओपीच्या (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या) प्रमाणपत्रात तांबं सरसकट मोकळं नाही, प्रमाणन संस्थेला विचारून आणि नोंद ठेवूनच वापरायचं असतं. निर्यातीचा विचार असेल तर खरेदीदाराच्या देशाचा नियमही वाचा.

ही काटकसर नुसत्या कागदासाठी नाही. तांबं कुजत नाही, वाफ होऊन जात नाही. ते मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थांना धरून बसतं, आणि नेमक्या त्याच थरात गांडुळं असतात. बोर्डो ज्या फ्रेंच शहराच्या नावाने ओळखला जातो त्या भागात हा साठा शंभर वर्षांहून जास्त काळ चाललाय. अमेरिकेतून डाऊनी फ्रान्समध्ये पोचला १८७८ च्या सुमारास. रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तिथले बागवाले वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. तेवढ्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. चोरांना भिववायला शिंपडलेलं मिश्रण आज जगभर आहे, पण त्या जुन्या बागांची माती आता तांब्याने जड झालीय. आपली चुनखडीची काळी माती तांबं बरंच बांधून ठेवते, पण त्यावर विसंबून हात सैल सोडू नये.

टाकीत एकत्र करू नये असं

पोटॅशियम फॉस्फाइट किंवा फॉस्फोनेट खत म्हणून दुकानात मिळतं आणि डाऊनीवर खरंच चालतं. पण सेंद्रिय द्राक्षात ते बसत नाही; युरोपच्या सेंद्रिय नियमांतून २०१३ मध्येच बाहेर गेलंय आणि अवशेष-तपासणीत सापडतं. शिवाय आम्लधर्मी पाण्यात तांबं जास्त विरघळतं, त्यामुळे त्याच्यासोबत किंवा लगेच मागेपुढे मारलं तर पानं भाजतात. ताक, गोमूत्र, आम्लधर्मी अर्क यांनाही तोच न्याय. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस (रोगाशी लढणारे मित्र सूक्ष्मजीव) बोर्डोच्या टाकीत घालणं म्हणजे विकत घेतलेले सूक्ष्मजीव स्वतःच मारणं. त्यांच्यासाठी कोरड्या, रोगाचा दाब कमी असलेल्या दिवसांत वेगळी फवारणी ठेवा.

घडात शिरलाच असेल तर

तांबं आता त्या घडाला परत आणणार नाही. वाकलेले, तपकिरी घड काढून बागेबाहेर पुरा. डागाळलेली पानं काढा, बगलफुटी मोकळ्या करा. नत्र देत असाल तर थांबवा, लुसलुशीत फूट डाऊनीला हवीच असते. मग निरोगी उरलेल्यावर हलकी फवारणी करा. पुढचे कोरडे दिवस बाकीचं काम तुमच्यापेक्षा चांगलं करतील.

आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात जुलै-ऑगस्टला अर्ली छाटणी घेऊन भर पावसात फूट काढणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: उघड्या बागेत नुसत्या तांब्यावर ती छाटणी सेंद्रिय राहणं मला अवघड वाटतं. वर प्लास्टिकचं आच्छादन घाला किंवा छाटणी पुढे ढकला.

विचारायला फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: डाग धाग्याच्या वर आहेत की खाली, शेवटचा पाऊस कधी आणि किती झाला, फवारणी त्याच्या आधी की नंतर, चुना कधी आणला होता, आणि पिशवीतल्या पानांवर सकाळी काय दिसलं.